सांगितलं की गुण जातो

आमच्या बोईसरमध्ये माणसाला आधी शिफ्ट विचारतात, मग तब्येत. लग्नातलं जेवण, बारसं, सोसायटीची मीटिंग, सगळं कोणाची फर्स्ट आणि कोणाची सेकंड ते बघून ठरतं. त्यामुळे बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आणि मुंबईला ऑपरेशन होऊन ते घरी आले, तेव्हा आम्ही काय केलं हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आम्ही शिफ्ट लावल्या.

लावल्या त्या बाबांनीच, पलंगावर पडल्या पडल्या. बाबा एमआयडीसीतल्या एका कापडाच्या कारखान्यात बॉयलरवर शिफ्ट इनचार्ज होते आणि रिटायर होऊन फार दिवस झाले नव्हते. मूळचे आम्ही घाटावरचे. देवधर्म बाबांनी कधी फारसा केला नाही, पण एक गोष्ट धर्मासारखी पाळली. पुढच्या शिफ्टच्या माणसाला चार्ज दिल्याशिवाय बॉयलर सोडायचा नाही. पाणी किती, प्रेशर किती, कुठला व्हॉल्व्ह उघडा ठेवलाय, कुठला गळतोय, सगळं तोंडाने सांगायचं आणि समोरच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचं. चार्ज न देता घरी जाणारा माणूस पाठीमागे बॉम्ब ठेवून जातो, असं ते म्हणायचे. हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की मी आणि आई ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो.

तर सकाळी आई. दुपारी आईचा शिवणाचा क्लास असतो, खालच्या गाळ्यात, तेव्हा पालघरहून आत्या. ती कोळगावच्या बाजूला राहते, जेवण करून निघायची आणि क्लास भरायच्या आत पोचायची. मग बाबांचा जुना फायरमन, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणारा. तो मूळचा यूपीचा, त्याची नोकरी अजून चालू होती, फर्स्ट शिफ्ट सुटली की आंघोळ करून, केसांना तेल लावून यायचा. आणि संध्याकाळी कंपनीतून आले की मी. शिफ्टच्या बाहेरची म्हणजे फक्त सातपाटीची मावशी, आमची मासेवाली. मी शाळेत होते तेव्हापासून ती आमच्या दारात पाटी उतरवते. सकाळी तिची खेप झाली की बाबांशी दोन गप्पा मारून जायची. एवढी सगळी व्यवस्था करून, जन्मभर चार्ज देण्याघेण्यावर व्याख्यानं झोडलेल्या माणसाच्या घरात कोणीही कोणाला चार्ज देत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला पावसाळा संपावा लागला.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत. तापाला बिस्किटाचा पुडा चालतो, फ्रॅक्चरला शहाळं. पण कॅन्सरला पुडा कसा न्यायचा? लोक बिचारे अडचणीत येतात आणि मग औषध घेऊन येतात. पहिल्या महिन्यात आमच्या हॉलमध्ये बसून कोणी गव्हांकुर सांगितले, कोणी गोमूत्र, कोणी पपईच्या पानांचा रस. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर सांगितलं की कॅन्सर असा काही नसतोच, उभ्याने पाणी प्यायल्यामुळे हे सगळं होतं. ते हे सांगत होते तेव्हा उभे होते आणि त्यांच्या हातात आमच्याकडच्या पाण्याचा ग्लास होता.

मी औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. गोळ्या विरघळवून बघायच्या, त्यात जे लिहिलंय तेच आणि तेवढंच आहे ना ते तपासायचं. त्यामुळे या बाबतीत माझा स्वभाव जरा कडक आहे. आई म्हणते तो मुळातच कडक होता, लॅबचं नुसतं निमित्त झालं. मी सगळ्यांना बसवून बजावलं की केमो चालू आहे, ती औषधं जबर असतात, त्यांचा निचरा लिव्हर करतं, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्याशिवाय बाबांच्या पोटात काहीही जाता कामा नये. काहीही म्हणजे काहीही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याने तर "अगदी बरोबर" असंही म्हटलं. मान डोलवायला काय जातं?

मग घरात काही बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. गॅलरीतल्या कुंडीत गहू उगवलेले दिसले. नवरात्र लांब होतं. आईला विचारलं तर म्हणाली, चिमण्यांसाठी. बरं, असतील. स्वयंपाकघरात एक पातेलं सारखं उपडं घातलेलं असायचं आणि त्याला असा काही वास यायचा की त्यात कोणी जुना टायर उकळला असावा. बाबांचं जेवण तर विचारू नका. सकाळी म्हणायचे दूध नको. दुसऱ्या दिवशी दूध पाहिजे, पण ताक नको. मग ताक पाहिजे, पण आंबट नको. वांगं बंद, टोमॅटो बंद, उडीद बंद, मीठ कमी, गूळ चालेल, साखर विष. एके संध्याकाळी त्यांनी आपण होऊन दुधीची भाजी मागितली, तेव्हा मात्र मला भरून आलं. बाबांनी आयुष्यात कधी दुधीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मला वाटलं, केमोने तोंडाची चव गेली. खरं कारण असं होतं की सगळ्यांची सगळी पथ्यं एकदम पाळायची म्हटल्यावर जगात खायला फक्त दुधीच उरत होता.

आणि मध्येच बाबांना छान वाटायचं. केमो झाली की आठवडाभर ते गळून जायचे, पुढे हळूहळू उभारी यायची, पुढच्या केमोच्या आधी तर जिन्यावरून उतरून वाण्यापर्यंत जाऊन यायचे. हे असं व्हायचंच असतं. पण तेव्हा आई, आत्या, फायरमन आणि मावशी, चौघांच्याही चेहऱ्यावर एक गुपित असल्यासारखं हसू असायचं. मला वाटायचं, किती माया आहे सगळ्यांची. माया होतीच, फक्त ती वाटून, उकळून आणि कपड्यातून गाळून दिलेली होती.

मग एका केमोच्या आधी रक्त तपासलं आणि लिव्हरचा रिपोर्ट बिघडलेला आला. केमो आम्ही पालघरलाच घ्यायचो, तिथे आठवड्यातून एकदा मुंबईचे डॉक्टर येतात. त्यांनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"काका, देशी काही घेताय का? काढा, चूर्ण, पावडर?"

"छे," बाबा म्हणाले.

"वहिनी?"

"नाही हो, आमच्याकडे कोणी तसलं नाही," आई म्हणाली आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागली. आत्याही त्या दिवशी सोबत आली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं तरी तिने कानाला हात लावला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते समोर लख्ख पडलं होतं, पण मी त्या क्षणी फक्त कागदावरच्या आकड्यांकडे बघत होते.

डॉक्टर म्हणाले, आज केमो देता येणार नाही. ऑपरेशनने गाठ काढली आहे, पण कुठे कणभर राहिलं असेल तर ते मारायला ही केमो, आणि ती वेळच्या वेळी झाली तरच तिचा उपयोग. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू. लिव्हरचे आकडे खाली आले तर पुढे जाऊ, नाही आले तर हे औषध थांबवावं लागेल, आणि याच्या तोडीचं दुसरं माझ्याकडे नाही. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं.  परत येताना रिक्षात मला इतकी भीती वाटत होती की वाटेतलं उमरोळी मागे पडलं तरी हातातली फाइल मी तशीच छातीशी धरून बसले होते.

त्यानंतर दोन दिवसांनी आमच्या कंपनीतला ट्रान्सफॉर्मर उडाला आणि सगळ्यांना गेटवरूनच परत पाठवलं. मी घरी आले तेव्हा आई खाली वाण्याकडे गेली होती आणि बाबा हॉलमधल्या पलंगावर डोळे मिटून पडले होते. माझं डोकं ठणकत होतं. मी आवाज न करता आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि आडवी झाले. मी घरात आहे हे कोणाला कळलं नाही. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. पण पुढे जे ऐकू आलं, त्यानंतर मुद्दामच उठले नाही.

पहिली आई. पेला ठेवल्याचा आवाज आला.

"घ्या पटकन. गुळवेलीचा आहे. आणि हे गव्हांकुर, वरून."

"अगं, पण डॉक्टर म्हणाले ना..."

"ते त्यांच्या औषधाबद्दल म्हणाले. हे काय औषध आहे? हा तर पाला. आणि कोणाला बोलू नका. ज्या बाईंनी हा काढा दिलाय ना, त्यांनी बजावलंय, वाच्यता केली की गुण जातो."

घोटाचा आवाज आला. मग आई पूजेला बसली, घंटा वाजायला लागली, आणि घंटेच्या आड दारात पाटी टेकली.

"भाव, बाय पूजेला बसली ना? बेगीन घ्या," मावशी दबक्या आवाजात म्हणाली. "मोरीच्या हाडांची पूड हाय. ताकातनं घ्या, ताक मी घरनंच आनलंय."

"मावशी, ही मोरी..."

"भाव, मोरी म्हंजे शार्कच ना. माज्या पुतन्याने मोबाइलवर बगितलंय, तिला कॅन्सर व्हतच नाय. मी एवडी वर्सं मासली विकते, तुमी सांगा, कॅन्सरवाली मोरी कोनी बगितलीय का?"

बाबांनी खरंच थोडा विचार केला असावा. "नाही बुवा," ते म्हणाले, "मी तरी नाही पाहिली."

"मग! आनि बायला सांगू नका हां. तोंडातनं गेलं का गुन गेला."

दुपारी आत्या आली. आई क्लासला उतरल्याचा आवाज येईपर्यंत तिने हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग पिशवीची चेन उघडली. "दादा, आज लक्ष्मणफळाची पानं ताजी मिळाली. आणि हा अर्क, नाक धर. ताक बंद आहे ना तुझं? ताक म्हणजे या औषधाला विष."

"बंद आहे," बाबा म्हणाले. सकाळी त्यांनी तांब्याभर ताक प्यायलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

"वहिनीला नाही ना बोललास? नाहीतर गुण जाईल."

माझा भुकेने जीव चालला होता, डोकं ठणकत होतं, संताप तर असा आला होता की हात शिवशिवत होते. पण नाटक इतकं रंगलं होतं की उठवेना. आत्या चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात फायरमन आला. त्याची पुडी कागद सोडताना करकरली.

"साब, गाँव से हकीमजी की गोली आई है। दूध के साथ लेना है, खाली दूध।"

"सुबह से पेट भरा है रे।"

"एक ही तो है साब। और किसी को बोलना मत, असर चला जाता है।"

"नहीं बोलूँगा," माझे बाबा म्हणाले. डॉक्टरांना, बायकोला, बहिणीला, मासेवालीला, सगळ्यांना दिलेले शब्द हा माणूस एकाच वेळी पाळत होता. मी दार उघडून बाहेर आले. फायरमनच्या हातातला दुधाचा ग्लास तसाच राहिला. आत्या चहाचं गाळणं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि बाबांनी, शप्पथ सांगते, डोळे मिटून घोरायला सुरुवात केली.

मी आईला क्लासमधून वर बोलावलं. मावशी बोईसरच्या बाजारातच बसते, तिला फोन करून बोलावलं. टीपॉयवर सगळं मांडायला लावलं. गुळवेलीच्या कांड्या, गव्हांकुरांची बाटली, मोरीची पूड, अर्काच्या बाटल्या, काळ्या गोळ्या. आत्याच्या पिशवीतून लक्ष्मणफळाच्या पानांबरोबर हनुमानफळाची साल आणि रामफळाचं चूर्णही निघालं. म्हणजे बाबांच्या पोटात आख्खं रामायण गेलं होतं. रावणाच्या नावाचं फळ बाजारात मिळत नाही म्हणून, नाहीतर आत्याने तेही उकळलं असतं. काळी गोळी मी पाण्यात टाकून बघितली. ती विरघळली नाही, पण पाणी मात्र निळसर झालं.

"आता मला सांगा," मी म्हटलं, आणि मी हळू बोलत नव्हते, "बाबांच्या लिव्हरने यातलं काय काय ओढायचं?"

 चौघंही टीपॉयकडे आणि मग एकमेकांकडे बघत होती. आपल्याशिवाय आणखी तिघं हेच करत होती, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळत होतं. आईने आधी तोंड उघडलं. ती म्हणाली, गुळवेल सोडून बाकीचं ताबडतोब बंद करा. आत्या म्हणाली, तिचं सोडून बाकीचं बंद करा, विशेषतः ताक. मावशी म्हणाली, पाल्याबिल्याचं तिला कळत नाही, पण मासली कोणाला बाधल्याचं तिने जन्मात ऐकलं नाही. फायरमन म्हणाला, "हकीमजी की गोली से किसी का कुछ नहीं बिगड़ा," आणि निळ्या पाण्याकडे बघून पुढचं बोलायचा थांबला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली होती. तिचा असा चौपदरी उपयोग बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. पण पाचेक मिनिटांत भांडण निवलं आणि चौकशी सुरू झाली. आत्याने मोरीची पूड हातात घेऊन मावशीला विचारलं, "गुडघ्याला चालते का हो ही?" मावशी म्हणाली, "धावतच जाल घरी." फायरमनला साखरेचा त्रास होता, त्याने आईकडून गुळवेलीची एक कांडी मागून घेतली. आईने त्याला कशी ठेचायची तेही सांगितलं. बाबांच्या जिवाचा निवाडा करायला मी सभा भरवली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा आठवडी बाजार झाला होता. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण खालच्या गाळ्यातल्या शिवणमशिनी बंद पडल्या.

तेव्हा बाबा उठून बसले. "शटडाऊन," ते म्हणाले. बॉयलर हाऊसमध्ये वापरायचे त्याच आवाजात, जोर न लावता. "सगळं बंद. उद्यापासून फक्त डॉक्टरचं. कोणाचं काही चालू राहणार नाही."

"म्हणजे माझं पण?" आत्याने विचारलं.

"तुझं आधी."

सगळ्यांनी मुकाट्याने आपापलं सामान उचललं. मावशी जाताना उंबऱ्यावर थांबून माझ्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "पोरी, आमी मारायला नव्हतो देत." मला हे माहीत होतं, पण तेव्हा मी तसं म्हटलं नाही.

ऊन उतरल्यावर बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले. मी त्यांच्यासमोर गव्हाची कुंडी उपटून रिकामी करत होते. माझा राग जात नव्हता. मी विचारलं, "चार्ज घेतल्याशिवाय तुम्ही कधी बॉयलरला हात लावला नाहीत, आणि इथे? कोणी काहीही आणून दिलं की गट्टम? भीड भिकेची बहीण असते बाबा. तुम्हाला खरंच वाटत होतं, मोरीच्या हाडांनी बरं वाटेल?"

ते हसले. "मला? नाही गं."

"मग?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. जनरल शिफ्टच्या बस परतत होत्या. "बॉयलरचं प्रेशर चढलं आणि उतरेना झालं ना, की बॉयलर नंतर फुटतो, माणसं आधी फुटतात. त्या वेळी ज्याच्या हाताला काम नाही तो माणूस सगळ्यात धोक्याचा. तो पळून तरी जातो, नाहीतर नको तो व्हॉल्व्ह फिरवतो. म्हणून मी प्रत्येकाला काहीतरी लावून द्यायचो. तू पंप बघ, तू ते मीटर बघत राहा. मीटर बंद पडलेलं असलं तरी सांगायचो, बघत राहा आणि मला ओरडून आकडा सांग. तेवढ्याने माणूस जागेवर राहतो."

मी हातातली माती झाडत होते ती थांबले.

"आपण मुंबईहून आलो तेव्हा तुझी आई स्वयंपाकघरात नुसती उभी असायची. गॅस पेटवायची, बंद करायची. तू कामाला जायचीस, तुला दिसायचं नाही. काढा करायला लागली तेव्हापासून ती जेवायला लागली. आत्या तुझी बसमध्ये रडत यायची, डोळे सुजलेले असायचे. पानं हुडकायला लागली तेव्हा थांबली. आणि आमचा फायरमन तर माझ्याकडे बघायचाच नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचा. गोळ्या आणायला लागल्यावर समोर बसायला लागला. मी काय नाही म्हणू?"

"आणि त्यांच्या हाताला काम म्हणून तुम्ही तुमचं लिव्हर दिलंत."

"ते चुकलं," बाबा म्हणाले. "मला वाटलं, ही सगळी बंद मीटरं आहेत. एक-दोन चालू निघाली."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं, आणि मला दोन्ही थांबवता येईना. मी मातीच्या हातांनीच डोळे पुसले. मग विचारलं, "मला का नाही दिलंत काही काम?"

"तुला कशाला? तुला ओरडायचं काम होतंच की."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नव्याने कामं वाटली. आत्याने त्यांना गच्चीवर चालवून आणायचं. मावशीने डॉक्टर म्हणाले तसा ताजा मासा द्यायचा, आणि त्याच्या पुड्या करायच्या नाहीत. फायरमनने पायांना तेल लावायचं. आईला काय काम दिलं ते मला सांगितलं नाही, पण संध्याकाळी क्लास सुटला की ती त्यांच्या पलंगावर बसून शर्टांची बटणं लावत बसायची. बटणं लागलेलीच असायची. माझ्या मते ती आधी उसवत असावी.

ते दोन आठवडे मी फार वाईट वागले. कोणाशी धड बोलले नाही. लॅबमध्ये दुसऱ्यांच्या गोळ्या विरघळताना बघायच्या आणि घरी येऊन बाबांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो का ते चोरून बघायचं, एवढंच करत होते. लिव्हर नाही उतरलं तर काय, हा विचार मी पूर्ण करत नव्हते, अर्ध्यावर सोडून उठायचे.

रिपोर्ट खाली आला. पूर्ण नाही, पण केमो देण्याइतका. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला आणि विचारलं, "काय बंद केलंत काका?"

"काही घेतच नव्हतो," बाबा म्हणाले.

मग मी तिथल्या तिथे सगळं सांगितलं, गुळवेलीपासून काळ्या गोळीपर्यंत. डॉक्टर लिहीत होते. एके ठिकाणी त्यांचं पेन थांबलं. "मोरी म्हणजे मासा? हाडांची पूड?" आई जमिनीकडे बघत होती. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, जे काही घ्यावंसं वाटेल ते आधी मला सांगा, मी ओरडणार नाही. सांगितल्याने गुण गेला तर जाऊ दे, पण न सांगितल्याने माणूस जायला नको. आईने मान डोलावली, आणि या वेळी ती मान मला खरी वाटली.

केमोच्या खोलीत एकाच नातेवाइकाला थांबता येतं. मी थांबले. सिस्टरने सुई लावली, सलाईनच्या नळीतून औषध यायला लागलं, मशीनवर हिरवा दिवा लागला. ती गेल्यावर बाबांनी मशीनकडे बघितलं, मग नळीकडे, मग छताकडे. त्यांचा दुसरा हात खुर्चीच्या कडेवर उगाचच सरकत होता. एवढ्या महिन्यांत त्यांनी आमच्यातल्या एकालाही आपल्याला काय वाटतं ते सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही सगळे आपापल्या कामात असल्यामुळे विचारलं नव्हतं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मला काहीतरी काम दे ना."

माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं. ना मीटर, ना व्हॉल्व्ह. मी म्हटलं, "बाबा, मला खूप भीती वाटतेय. माझा हात धरून बसता का?"

त्यांनी मान डोलावली. "घट्ट धरू?"

"घट्ट."

"घट्ट धरायचा," ते म्हणाले, आणि त्यांनी तो औषध संपेपर्यंत धरून ठेवला.